थंडोबाचा दोरा

थंडोबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पूर्वी तो साडेसहाला सुरू व्हायचा. मधले अडीच तास दाजींचे होते.

हे कळायला आधी आमचं गॅरेज सांगायला हवं. टॅक्सींचं गॅरेज. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी. येणाऱ्या गाड्या सगळ्या जुन्या. नव्या गाडीवाले आमच्या दाराशी पत्ता विचारायलासुद्धा थांबत नसत. मी पत्र्याच्या कामावर होतो, पोचे काढायचो. माझ्या शेजारी थंडोबाचं टेबल आणि त्याच्या पलीकडे दाजींचा हौद. दाजी रेडिएटरवाले. गळका रेडिएटर झाळायचा, तुंबलेला धुवायचा, हे त्यांचं काम. ते थंडोबाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून सगळं गॅरेज दाजी म्हणायला लागलं. मालकसुद्धा. "एका बायकोपायी चौदा मेहुणे झाले मला," असं दाजी म्हणायचे.

थंडोबा हे नाव मालकांनी ठेवलं. इंजिनं थंड ठेवतो म्हणून नव्हे, माणूसच थंड म्हणून. शेजारी आग लागली तरी हा आधी चष्मा पुसेल.

त्याचं काम एकच. रेडिएटरमागचा विजेचा पंखा. पाणी तापलं की पंखा फिरतो, गार हवा आत ओढतो, पाणी निवलं की थांबतो. जुन्या गाडीत हा पंखा मेला आणि गर्दीत अडकलात, की इंजिन उकळलंच समजा. थंडोबा पंखा आधी बोटानं फिरवायचा आणि डोळे मिटायचा. पातं अडखळलं तर आस पेलणारं बुश गेलं. आस हलली तर बुश कधीचंच गेलं. मग मोटर खोलायची, तिला वीज पोचवणारे झिजलेले कार्बन काढायचे, नवे घासून बेताचे करायचे, नखावर मावेल एवढंच ग्रीस द्यायचं. "जास्त ग्रीस म्हणजे माया नव्हे," म्हणायचा, "ते कार्बनवर उडतं आणि मोटर मरते." शेवटी पंखा बसवून चालू करायचा आणि गाडीच्या नाकासमोर वर्तमानपत्राचा कपटा धरायचा. कपटा जाळीला चिकटला तर पंखा हवा आत ओढतोय. उडून गेला तर वायरी उलट्या लागल्यात. घाईत दुसरं कुणी हे बघायचं नाही. त्याचा एकही पंखा उलटा गेला नाही.

गॅरेजात एक नियम होता आणि तो थंडोबानंच घातला होता. पंख्याजवळ हात घालणाऱ्यानं आधी पंख्याचा फ्यूज, ती काचेची बारीक नळी, काढायचा आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. सीटवर नाही, बॅटरीवर नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. कारण इंजिन गरम असलं की गाडी बंद असतानाही पंखा आपोआप सुरू होतो. फ्यूज माझ्या खिशात, तोवर माझा हात माझा. सगळे पाळायचे. कितीदा फ्यूज खिशातच घरी जायचा. इंजिनवाल्या मिस्त्रीच्या बायकोनं एकदा विचारलं होतं, "ही काचेची कोण आणि रोज खिशात का असते?"

असा माणूस. आता त्याचा दोरा.

एका उन्हाळ्यात बाजारातून रेडिएटरचे स्विच गायब झाले. हा स्विच रेडिएटरच्या अंगात बसतो, पाण्याची ऊब ओळखतो आणि पंखा चालू-बंद करतो. जुन्या गाड्यांचे कारखान्यानं बनवणंच थांबवलं होतं. टॅक्सी रस्त्यात उकळून उभ्या राहायला लागल्या. ड्रायव्हर दारात रांग लावून शिव्या घालायला लागले.

"डायरेक्ट करून टाक रे," मालक म्हणाले.

डायरेक्ट म्हणजे बॅटरीतून थेट पंख्याला वायर. मध्ये फ्यूज नाही, स्विच नाही; जुना फ्यूज नुसता जागेवर राहायचा. स्टिअरिंगखाली एक बटण. काटा वर चढला की ड्रायव्हरनं बटण दाबायचं.

"हे बरं नाही," थंडोबा म्हणाला.

"तू बरं करणारा डॉक्टर नाहीस. गाडी चालली पाहिजे."

त्यानं केलं. त्याच्या पद्धतीनं, नेटकं केलं. उष्णतेनं टेपचा डिंक सुटतो, म्हणून प्रत्येक सांध्यावर टेप गुंडाळून वरून चपला शिवायचा मेणाचा दोरा आवळायचा आणि गाठ आतल्या बाजूला दडवायचा. असा सांधा दुसरं कुणी बांधत नव्हतं. कुणाकडे तेवढा धीरच नव्हता. दर ड्रायव्हरला तो सांगायचा, "हे तात्पुरतं. स्विच आला की परत या."

पुढच्या हिवाळ्यात स्विच आले. परत कुणी आलं नाही. चालणारी वस्तू गॅरेजात कोण आणतं?

वर्षं गेली. त्या टॅक्सी विकल्या गेल्या, रंग बदलले, मालक बदलले. बटण कशाचं हे नव्या मालकांना कुणी सांगितलं नाही.

एके दिवशी सकाळी, ऐन कामाच्या वेळी, एक मरून रंगाची गाडी दाजींकडे आली. रेडिएटर खालून गळत होता. दाजींनी फ्यूज काढला, खिशात टाकला, पंख्याच्या पात्यांमधून उजवा हात खाली घातला आणि बोटांनी ओल शोधायला लागले. जुना पंखा, पाती पत्र्याची. ड्रायव्हर आपला थर्मास घ्यायला गाडीत बसला. त्याचा गुडघा स्टिअरिंगखाली लागला.

दाजी ओरडले नाहीत. पंखा बारीक कुरकुरला, अडकला, ड्रायव्हर गोंधळून बाहेर आला आणि कुणीतरी बॅटरीची वायर उपटली. दाजी मागे सरकले, खाली बसले आणि म्हणाले, "अरे, पण फ्यूज तर माझ्याकडे आहे." डाव्या हातानं त्यांनी खिसा चाचपून बघितला. होता.

त्यांना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. आम्ही उरलेले गाडीभोवती उभे राहिलो. इंजिनवाला मिस्त्री तावातावानं वायर शोधत होता. "कुण्या हरामखोरानं डायरेक्ट केलंय बघतो. सापडू दे, त्याच वायरीनं..." त्याच्या बोटांत सांधा होता. सांध्यावर दोरा होता. काळा पडलेला, पण घट्ट.

कुणी कुणाकडे बघितलं नाही. थंडोबा पुढे आला, सांधा हातात घेतला, अंगठा फिरवून आतली गाठ शोधली.

"दोरा माझा आहे," तो म्हणाला.

त्यानं चष्मा पुसला नाही.

दाजींची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. अंगठा राहिला, पण वाकायचा थांबला. दवाखान्यात थंडोबाची बहीण, म्हणजे ताई, कॉटच्या कडेला बसली होती. भाऊ दारात आला तरी ती उठली नाही.

"आलास? ये. पंख्यांचा डॉक्टर ना तू? मग उद्यापासून यांच्या शर्टाच्या गुंड्या लावायला येत जा."

"ताई..."

"चमचा धरता येत नाही त्यांना. लहान मुलासारखं भरवते मी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प आहे. दुसरा असता तर दारात उभा राहू दिला नसता."

दाजी डोळे मिटून पडले होते. ते म्हणाले, "अगं, पंखा त्यानं फिरवला नाही."

"फिरेल असा ठेवला," ताई म्हणाली.

तो दारातूनच परत आला.

मालक वाईट नव्हते, पण मालक होते. महिनाभर थांबले आणि म्हणाले, रेडिएटरला दुसरा माणूस बघावा लागेल. थंडोबा त्यांच्या खोलीत गेला. खोलीला दार नव्हतं, आम्ही सगळं ऐकलं.

"रेडिएटर मी करतो. त्यांचा पगार चालू ठेवा."

"आणि पंखे?"

"पंखेपण मीच."

"माणूस आहेस की घाण्याचा बैल?"

"रेडिएटर पहाटे करीन. गाड्या बाहेर पडायच्या आत. थंड गाडीचाच रेडिएटर उघडायचा असतो, तुम्हाला माहीत आहे."

"किती दिवस टिकशील?"

"टिकेन तोवर."

मालकांनी मान हलवली. त्यात त्यांचं नुकसान काहीच नव्हतं.

एक माणूस दोघांचं काम करतो, हे बोलायला सोपं आहे. मी शेजारून बघितलं, म्हणून सांगतो. पहाटे कुलूप काढायचं. हौदाचं पाणी बर्फासारखं. रेडिएटर सोडवायचा म्हणजे चार बोल्ट, त्यातले दोन कायम गंजलेले, आणि ते उताणं पडून काढायचे. गढूळ पाणी कितीही जपलं तरी कोपरातून काखेत उतरतं. मग रेडिएटर छातीशी धरून हौदाकडे न्यायचा, तेजाबाचं पाणी ओतायचं, वाफ तोंडावर घ्यायची, उलटा करून झोडपायचा, पुन्हा पाणी. झाळायचं असेल तर पितळ चकचकीत होईपर्यंत घासायचं, नाहीतर झाळ धरत नाही. पुन्हा उचलायचा, पुन्हा बसवायचा. मी येईपर्यंत त्याचे असे दोन झालेले असत आणि ओला शर्ट अंगावरच वाळत असे. मग हात पुसून तो पंख्यांच्या टेबलाशी बसायचा. तिसऱ्या वर्षी खोकला लागला. तो नंतर गेला नाही. पंखा तपासताना मात्र तो खोकला दाबून धरायचा. आवाज ऐकू यायला हवा म्हणून.

दाजी परत आले तेव्हा मालकांनी त्यांना फाटकाशी खुर्ची दिली. येणाऱ्या गाड्यांकडे बघायचं. बघायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. पगार पूर्ण. ते रोज येऊन बसायचे, उजवा हात खिशात.

थंडोबा येता-जाता विचारायचा, "दाजी, चहा सांगू?"

"सांग."

असं पुष्कळ दिवस चाललं. मग एका दुपारी त्यानं चहाचा पेला दाजींपुढे धरला आणि दाजींनी तो डाव्या हातानं उडवला. पेला माझ्या पत्र्यावर येऊन फुटला.

"तुला काय वाटतं रे, पुण्य करतोयस?" दाजी म्हणाले. असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "माझा हात गेला एका सकाळी. माझं काम तू रोज पहाटे नेतोस. मी इथं फाटकावर भोपळ्यासारखा बसतो आणि घरी दमून गेल्याचं सोंग करतो. तुझ्या ताईला वाटावं म्हणून."

थंडोबा काच वेचत राहिला.

"बोल की! का इथंही थंडच?"

"काय करू, दाजी? सांगा."

"मला काम दे. फुकटचा पगार नको. काम दे."

थंडोबानं काचा मुठीत घेतल्या आणि उभा राहून रस्त्याकडे बघितलं. म्हणाला, "माझा दोरा असलेल्या गाड्या अजून बाहेर फिरतायत. किती, ते मला ठाऊक नाही. लिहून कुठं ठेवलंय? मला गाड्या आठवत नाहीत, नुसते पंखे आठवतात."

चहावाल्याला दाजींनीच हाक मारून दोन चहा सांगितले. चहा आल्यावर म्हणाले, "एक हिरवी होती. खालच्या टाकीला मी दोन ठिगळं लावली होती. तिचा पंखा त्या उन्हाळ्यात तूच केला होतास."

"मोठ्या मिशांचा ड्रायव्हर?"

"मिशा गेल्या असतील आता. ठिगळं नाही जायची."

तिथून त्यांचं शोधणं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी दोघं टॅक्सीतळांवर जायचे. दाजी पुढे वाकून जाळीतून रेडिएटर बघायचे आणि स्वतःची झाळ ओळखायचे. माणूस विसरेल, पण आपल्या हातचं ठिगळ विसरत नाही. त्यांनी मान हलवली की थंडोबा ड्रायव्हरशी बोलायचा.

"बोनेट उघडता का जरा?"

"का? विकत घेताय?"

"तुमच्या पंख्याला चुकीची वायर आहे. काढून नवा स्विच बसवून देतो. पैसे नकोत."

पैसे नकोत म्हटलं की ड्रायव्हर घाबरायचे. "पैसे नकोत म्हणणारा शेवटी इंजिनच मागतो," एकानं सांगितलं. दुसऱ्यानं तर चोर समजून आरडाओरडा केला. दाजी तेव्हा खिशातून उजवा हात काढायचे. बहुतेकदा बोनेट उघडायचं.

स्विचचा खर्च थंडोबाच्या पगारातून जायचा. दर स्विच आधी घरी तपासला जायचा. पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्यानं टांगलेला स्विच, त्याला जोडलेला छोटा दिवा. पाणी उकळीच्या जवळ आलं की दिवा लागला पाहिजे आणि निवलं की विझला पाहिजे. वहिनी, म्हणजे थंडोबाची बायको, चहाचं आधण घेऊन मागे उभी.

"लोकांच्या घरी भात शिजतो," ती मला एकदा म्हणाली, "आमच्याकडे स्विच शिजतो. वाढू का वाटीभर?"

ती हसायची, पण त्यांच्या खोलीत मला कधी पूर्ण श्वास घेता आला नाही. एका गोदामाच्या पाठीमागची खोली, भाड्याची. दार एकच, तेही बोळात उघडणारं. खिडकी नव्हती. चूल पेटली की दिवसासुद्धा दिवा लावावा लागे आणि भिंती घाम आल्यासारख्या ओल्या होत. लग्न होऊन ती त्या खोलीत आली, तेव्हापासून एकच मागणं होतं. खिडकी असलेलं स्वयंपाकघर. मोठं नको, पण खिडकी हवी. त्यासाठी ती बाजूला टाकत आली होती आणि काम सोडताना थंडोबाला मालकांकडून जे एकरकमी मिळणार होतं, तेही त्यासाठीच धरलं होतं. जागासुद्धा बघून ठेवली होती. वरचा मजला, खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं.

गाड्या सापडत गेल्या. काही भंगारात गेलेल्या निघाल्या. तिथंही दोघं जाऊन सांधा बघून आले. शेवटी दाजींच्या डोक्यात एकच उरली. करडी, मागची सीट काढलेली, रेडिएटरला वरच्या कोपऱ्यात त्यांची झाळ. ती सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती टॅक्सी राहिलीच नव्हती. एका बेकरीवाल्या म्हाताऱ्यानं घेतली होती आणि तिच्यातून तो दुकानोदुकानी पाव पोचवायचा.

दोघं बेकरीत गेले. तोवर थंडोबाचे कामाचे शेवटचे दिवस आले होते. फुप्फुसांनी हात टेकले होते. मीही त्यांच्याबरोबर होतो, कारण त्याला बोनेट उचलून धरणारा माणूस लागायचा.

बोनेट उघडलं. दोरा तसाच. पण अडचण वेगळीच निघाली. रेडिएटरमध्ये स्विच बसायचं भोकच उरलं नव्हतं. कधीतरी तिथून गळत होतं, म्हणून कुणीतरी पितळेची चकती झाळून बुजवलं होतं, आतले आटेही गेले होते. आता स्विच बसवायचा तर रेडिएटरच बदलायला हवा होता आणि त्या गाडीचा रेडिएटर आता मिळत नव्हता; हाच काढून मापाला नेऊन नवा बनवून घेण्यात आठवडे गेले असते.

"आठवडे?" बेकरीवाला म्हणाला. "गाडी एक दिवस उभी राहिली तर पाव शिळे. शिळे पाव तुम्ही खाणार?"

"ही वायर धोक्याची आहे," थंडोबा म्हणाला.

"कुणी घातली?"

"मी."

"मग तू शहाणा की मी? तुझ्याच हातची वायर आणि तूच वाईट म्हणतोस. इतकी वर्षं गाडी एकदा उकळली नाही. तुझी भीक नको, कुत्रं आवर."

तेवढ्यात एक बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. बेकरीवाल्याची सून. गाडी आता तीच चालवायची. इंजिन नुकतंच बंद केलं होतं. तिनं सहज, रोजच्या सवयीनं, हात पात्यांच्या मधून घातला आणि खालची पाण्याची नळी ओली आहे का ते बोटांनी बघितलं. दाजी एकदम पुढे झाले आणि डाव्या हातानं तिचं मनगट धरून बाहेर ओढलं.

"अहो, काय करताय!" ती ओरडली.

दाजींनी उजवा हात दाखवला. ती बघत राहिली. बेकरीवाल्यानंही बघितलं आणि मान फिरवली.

"वाईट झालं तुमचं," तो म्हणाला. "पण माझी गाडी मी बंद ठेवणार नाही. सूनबाई, हात घालत जाऊ नकोस. झालं? मिटलं."

सून आत गेली. जाताना हात पदराला पुसत होती. ती हात घालणार नाही, असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. सवय ही बोटांना असते, डोक्याला नाही.

त्याच सुमारास थंडोबानं काम सोडलं आणि मालकांकडचे एकरकमी पैसे हाती आले. तो दर आठवड्याला बेकरीत जायला लागला. पाव घ्यायचा आणि तेच बोलायचा. दुसरी गाडी भाड्यानं आणून देतो, वायर काढू द्या. नाहीतर तोवर मी स्वतः पाव पोचवतो. म्हातारा पाव मोजत राहायचा. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "अरे, सकाळी गाडी बाहेर उभी असते. बटणाची वायर काप आणि मोकळा हो."

"कापली की पंखा बंद. भर रस्त्यात इंजिन उकळेल. मग ती बाई झाकण उघडेल आणि वाफ तोंडावर घेईल." दोन पावलं गेल्यावर पुढे म्हणाला, "आणि चोरून घातली नव्हती. चोरून काढणार नाही."

एकदा बेकरीवाल्याचा संयम संपला. गिऱ्हाइकांसमोर त्यानं हात जोडले. "बाबा रे, एवढी पोटदुखी आहे तर गाडीच विकत घे! मी नवी घेतो, तू हिला कापून लोणचं घाल. नाहीतर पुन्हा या पायरीवर पाय ठेवू नकोस." नवी गाडी घेता येईल असा आकडा त्यानं सांगितला. त्या खटाऱ्याची तेवढी किंमत नव्हती. ऐकणारे हसले.

थंडोबा हसला नाही. त्यानं चष्मा काढून पुसला. "थांबा," म्हणाला, "घरी विचारून येतो."

मी दारात होतो, म्हणून वहिनीचं बोलणं ऐकलं. दिवा लावलेला होता आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

"सगळे पैसे?" तिनं विचारलं.

"जवळजवळ."

"मग माझं काय?"

त्यानं स्विचचं पातेलं बाजूला सरकवलं.

"मी बोलले कधी? स्विच शिजवले, पातेलं काळं झालं, बोलले? तुम्ही पहाटे उठलात तेव्हा मी नाही उठले? दाजींचा हात तुमच्यामुळे गेला, मान्य. माझी खिडकी कुणामुळे जाते?"

"माझ्यामुळेच."

"नाही म्हटलं तर?"

"तर नाही घेणार."

"आणि रोज बेकरीच्या पायरीवर जाऊन बसणार." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ओल्या भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं. "काय वय आहे त्या सुनेचं?"

"आपली पोरगी असती तर तेवढी असती."

त्यांना मूल नव्हतं. हे त्यानं बोलायला नको होतं आणि त्यालाही ते लगेच कळलं. वहिनीनं भिंतीवरची ओल पदरानं पुसली. मग म्हणाली, "गाडीला खिडक्या किती?"

"चार."

"घ्या मग. एक मागितली होती, चार मिळाल्या."

ती हसली नाही. मीही नाही.

गाडी आणली त्या दिवशी ताईसुद्धा आली. भावाच्या दारात ती त्या दवाखान्याच्या दिवसानंतर आली नव्हती. बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली. थंडोबानं आधी बॅटरी सोडवली, उचलून जमिनीवर ठेवली, मग बाजूला झाला आणि पान्यांच्या डब्यातली सुरी दाजींना दिली.

"तुम्ही कापा."

दाजींनी सुरी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत सांधा धरला. मेणाचा दोरा दगडासारखा झाला होता. कापायला वेळ लागला. थंडोबा खोकत उभा राहिला, पण मदतीला पुढे झाला नाही. दोरा तुटला, टेप सुटली, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या होत्या. दाजींनी वायर मुळापासून ओढून काढली आणि तिचं वेटोळं ताईच्या हातात दिलं.

"घे. संपली."

ताईनं वेटोळं हातात वजन करून बघितलं. "एवढीशी?" ती म्हणाली. मग वाकून दाजींच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावली आणि भावाला म्हणाली, "आत चल. उन्हात खोकत उभा राहू नकोस."

थंडोबा त्यानंतर दोन पावसाळे जगला. गाडी पुन्हा चालली नाही. तिला चालवायची कुणाला होती? ती बोळाच्या तोंडाशी उभी आहे. चाकं जमिनीला टेकलीत, पंखा बसवलेला आहे आणि बोटानं अजून न अडखळता फिरतो. मी गेलो की फिरवून बघतो.

वहिनी त्याच खोलीत राहते. दुपारी भाजी निवडायला गाडीत येऊन बसते, पुढच्या सीटवर, काच खाली करून. एवढ्या पैशांत काय आलं, असं कुणी विचारलं की ती काचेवर टकटक करून दाखवते.

बेकरीची सून नव्या गाडीतून जाते. बोळाशी थांबते, खिडकीतून हात लांब करून पाव देते आणि पुढे जाते. वहिनी पाव घेते. आधी हात बघते, मग पाव.